घरचे गाणे आणि विद्यापीठाची गुणपत्रिका

माझी एक जुनी शिष्या लग्नानंतर अमेरिकेत, टेक्सास राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, मॅकॅलन नावाच्या गावी राहावयास गेली. गुरुपौर्णिमेला तिचा फोन न चुकता येतो. मागच्या खेपेस नमस्कार झाल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, इथल्या युनिव्हर्सिटीत मुलं मारियाची शिकतात. म्हणजे आपल्याकडची वाजंत्रीच समजा, लग्नात वाजवतात ती. आणि त्याचे मार्क चक्क डिग्रीत धरतात!"

वाजंत्री हा शब्द तोंडून निघून गेला आणि ती एकदम गप्प झाली. कारण माझे वडील वाजंत्रीच होते. बडोद्याच्या राजवाड्यावर सनई-चौघडा झडत असे, त्यात ते वयाच्या चौदाव्या वर्षापासून सूर धरीत. मुख्य सनईवाला राग मांडी आणि वडील गाल फुगवून एकच षड्ज तास-तास सांभाळीत. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारी नेमणुकी संपल्या, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. तो चौघडा मी ऐकला तो त्यांच्या वर्णनातूनच. शिष्येला वाटले, मला लागले असेल. पण मला निराळेच वाटत होते. वाजंत्र्याच्या विद्येला विद्यापीठात गुण मिळतात, ते कसे मिळतात आणि कोणाला, हे समजून घेण्यात माझे पुढचे काही महिने गेले. हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी वाद्यांविषयी, त्यावाचून मला पुढे जाववत नाही. मारियाचीचा जन्म मेक्सिकोच्या पश्चिमेकडचा, हालिस्को आणि आसपासच्या प्रांतांतला. ताफ्यात बऱ्याच व्हायोलिनी, दोन-तीन ट्रम्पेट, साधी गिटार आणि दोन खास वाद्ये, विहुएला आणि गितार्रोन. विहुएला पाच तारांची, पाठीला फुगीर, ठेका तिच्याकडे. गितार्रोन म्हणजे मोठ्या पोटाची, सहा तारांची दांडगी गिटार. वादक ती उभ्याने वाजवतो, एका वेळी दोन तारा छेडून तोच स्वर दोन सप्तकांत काढतो आणि साऱ्या ताफ्याला खर्जाचा पाया देतो. ट्रम्पेट या मंडळींत विसाव्या शतकात शिरला. त्याआधी सारा कारभार तंतुवाद्यांचा होता. अंगात चांदीच्या बटणांचा घोडेस्वाराचा पोशाख. लग्न, मुलीचा पंधरावा वाढदिवस, ग्रामदेवतेसारखा एखाद्या संताचा उत्सव, इतकेच काय पण अंत्ययात्रा, सर्वत्र हा ताफा हजर. २०११ मध्ये युनेस्कोने मारियाचीचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला.

यातील 'सोन' नावाचा प्रकार ऐकताना मी पहिल्याने साफ चकलो. दादऱ्याच्या सहा मात्रा आपण तीन-तीन अशा मोजतो. हे लोक त्याच सहा मात्रा एकदा तीन-तीन घेतात आणि लगेच पुढे दोन-दोन-दोन. पुष्कळदा ठेका एक हिशेब धरून चाललेला असतो आणि गाणारा दुसरा. ही काही मैफलीत दाद मिळविण्यासाठी केलेली लयकारी नाही. लग्नात नाचणाऱ्या आजीबाईंच्या पायांतही तो हिशेब पक्का असतो. माझ्या वर्गात मी टाळ्यांवर हा प्रयोग करून पाहिला. दोन मुले सोडल्यास सगळी घसरली, आणि खरे सांगायचे तर एकदा मीही घसरलो.

आता ज्या विद्यापीठात हे शिकविले जाते, तिकडे वळू. त्याचे नाव 'युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास रिओ ग्रांदे व्हॅली'. रिओ ग्रांदे ही नदी टेक्सास आणि मेक्सिको यांच्या सीमेवरून वाहते. नदीच्या मुखाकडच्या सखल मुलखाला तेथे नुसते 'व्हॅली' म्हणतात. विद्यापीठाची मुख्य ठाणी दोन, एडिनबर्ग आणि ब्राउन्सव्हिल, एकमेकांपासून सुमारे साठ मैलांवर. ब्राउन्सव्हिलहून पूल पायी ओलांडला की माणूस मेक्सिकोतील मातामोरोस गावात उतरतो. विद्यार्थी तीस हजारांहून अधिक आणि दहांतले नऊ हिस्पॅनिक, म्हणजे ज्यांच्या घरी वा पूर्वजांच्या घरी स्पॅनिश भाषा. या लोकांना सरसकट 'बाहेरून आलेले' म्हणणे चुकीचे ठरेल. १८४८ च्या तहाने ही नदी दोन देशांची सरहद्द ठरली, आणि नदीच्या उत्तरेकडची कित्येक मेक्सिकन कुटुंबे आपल्या ओसरीत बसल्या बसल्या परदेशात गेली. बेळगाव-निपाणीकडे ज्यांचे सोयरे आहेत, त्या वाचकांना याहून अधिक फोड करून सांगायला नको.

या मुलखाचे स्वतःचे गाणेही आहे. जर्मन वसाहतवाल्यांनी टेक्सासात आणलेला अकॉर्डियन येथल्या मेक्सिकन वादकांनी उचलला, बारा तारांच्या 'बाखो सेक्स्तो'शी त्याची जोडी जमविली आणि त्यातून 'कोनहुन्तो' नावाचे नाचगाणे घडले. नार्सिसो मार्तिनेस हे त्याचे आद्य कलावंत. त्यांच्या ध्वनिमुद्रिका १९३६ पासून निघू लागल्या. परक्याची पेटी आपल्या गाण्यात अशी मुरवावी की ती परकी होती हेच विसरले जावे, हा उद्योग आपणही केलेला आहे. असो.

या घाटीत १९२७ साली एडिनबर्ग येथे एक दोन वर्षांचे कॉलेज निघाले. १९५२ मध्ये ते चार वर्षांचे 'पॅन अमेरिकन कॉलेज' झाले, १९७१ मध्ये पॅन अमेरिकन युनिव्हर्सिटी, आणि १९८९ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या मोठ्या कुटुंबात दाखल झाले. नावे बदलत गेली. परंतु मुलांच्या घरच्या भाषेकडे पाहण्याची दृष्टी बदलावयास फार काळ लागला, आणि मला सर्वांत विचार करावयास लावले ते या इतिहासाने.

१९१८ साली टेक्सासने कायदा करून शाळांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकविणे हा गुन्हा ठरविला. पुढे कित्येक दशके मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला शिक्षा होई. या घाटीत १९४२ साली जन्मलेल्या ग्लोरिया आन्साल्दुआ या लेखिकेने आपल्या १९८७ च्या 'बॉर्डरलँड्स' या पुस्तकात लिहून ठेवले आहे की, शाळेत स्पॅनिश बोलताना सापडल्याबद्दल आपल्या बोटांच्या पेरांवर पट्टी बसली. त्याच पुस्तकात ती पुढे सांगते की, पॅन अमेरिकनमध्ये तिच्यासारख्या मेक्सिकन वंशाच्या सर्व विद्यार्थ्यांना उच्चाराचे दोन वर्ग सक्तीचे होते, आणि त्यांचा हेतू एकच होता: त्यांच्या इंग्रजीतला घरचा हेल घालवून टाकणे. १९६९ मध्ये ती तेथून पदवीधर झाली. म्हणजे ज्या विद्यापीठाच्या पाठिंब्याची कथा मी सांगावयास बसलो आहे, त्याच विद्यापीठाने एके काळी मुलाने घरून आणलेला स्वर खरडून काढण्यासाठी तास लावले होते. हे झाकून ठेवून पुढची स्तुती करणे मला बरोबर वाटत नाही.

ती पदवीधर होण्याच्या आदल्या वर्षी, १४ नोव्हेंबर १९६८ रोजी, एडिनबर्गजवळच्या एडकाउच-एल्सा हायस्कूलचे विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले. मागण्या काय? स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा नको. आमच्या लोकांचा इतिहास शिकवा. पुढच्या शिक्षणाचा सल्ला आम्हालाही द्या. बऱ्याच मुलांना शाळेतून काढून टाकण्यात आले. प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात गेले आणि मुलांच्या बाजूने निकाल लागला. सोळा-सतरा वर्षांची शेतमजुरांची मुले ती!

भाषेचा हा अपमान एका बाजूस, आणि दुसऱ्या बाजूस पैशाची उपासमार. १९८७ साली सीमाभागातील मंडळींनी राज्याविरुद्ध दावा लावला. त्या खटल्यात पुढे आलेले आकडे पाहण्यासारखे आहेत. टेक्सासची सुमारे २० टक्के प्रजा सीमाभागात राहत होती, परंतु राज्य सार्वजनिक विद्यापीठांवर जो खर्च करी, त्यातला जेमतेम १० टक्के वाटा तेथील विद्यापीठांना मिळे. राज्यात डॉक्टरेटचे अभ्यासक्रम सुमारे ५९०. त्यांतले सीमेवर ३. उच्च शिक्षणाची भरपूर सोय असलेले सार्वजनिक विद्यापीठ गाठण्यासाठी इतरत्रच्या विद्यार्थ्याला सरासरी ४५ मैल जावे लागे आणि सीमेवरच्या विद्यार्थ्याला २२५ मैल. आमेरिको पारेदेस हे या घाटीतल्या लोकगीतांचे थोर अभ्यासक ब्राउन्सव्हिलचे, तेथल्याच दोन वर्षांच्या कॉलेजातून १९३६ मध्ये बाहेर पडलेले. सरहद्दीवर घोड्यावरून फिरणाऱ्या ग्रेगोरियो कोर्तेसच्या पोवाड्यावर त्यांनी १९५८ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. पण आपल्याच गावच्या पोवाड्यांचा अभ्यास करावयास त्यांना ऑस्टिन गाठावे लागले. खालच्या न्यायालयाने राज्याची व्यवस्था घटनाबाह्य ठरविली. १९९३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. दावा हरला खरा, पण त्याच्या रेट्यामुळे विधिमंडळाने सीमेवरच्या विद्यापीठांना जादा पैसा देण्यास सुरुवात केली होती. शेवटी २०१३ मध्ये कायदा होऊन एडिनबर्ग आणि ब्राउन्सव्हिल येथील दोन विद्यापीठे मोडून एक नवे करण्याचे ठरले, आणि २०१५ च्या शरदात ते उघडले. या खटाटोपामागे एक व्यवहारी कारण होते. टेक्सासच्या पश्चिमेकडील तेलाच्या जमिनींच्या उत्पन्नातून विद्यापीठांसाठी एक अवाढव्य निधी उभा आहे. जुन्या दोन संस्थांना त्याला हात लावता येत नव्हता, नव्या संस्थेला येऊ लागला. २०१६ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले.

आजचे विद्यापीठ विद्यार्थ्यासाठी काय करते? पैशाची बाब थोडक्यात सांगतो. निम्म्याहून अधिक विद्यार्थी केंद्राची गरिबांसाठीची शिष्यवृत्ती घेतात. २०१९ मध्ये विद्यापीठाने जाहीर केले की, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७५,००० डॉलरांच्या आत आहे, त्या टेक्सासच्या पात्र विद्यार्थ्याची फी इतर मदत वजा जाता उरेल ती आम्ही भरू. २०२० पासून ते अमलात आले आणि पुढे उत्पन्नाची मर्यादा वाढविण्यात आली. दोन गावांमध्ये विद्यापीठाची बस फुकट धावते. बस ही बाब किरकोळ वाटेल. पण आईबापांच्या घरी राहून, अर्धा दिवस दुकानात नोकरी करून शिकणाऱ्या मुलाला साठ मैलांचे पेट्रोल किरकोळ नसते.

शेतमजुरांच्या मुलांसाठी १९७२ पासून केंद्र सरकारची एक वेगळी योजना आहे. घाटीतली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या उन्हाळा लागला की मिशिगन, ओहायोकडे पिकांच्या मागे जात. मुलांची शाळा एप्रिलात सुटे आणि ऑक्टोबरात पुन्हा सुरू होई. बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर जाणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र नवे नाही. अशा मुलाचे कॉलेजचे पहिले वर्ष निभावून नेणे हा त्या योजनेचा उद्देश. शिकवणी, राहण्याची मदत, आणि फॉर्म भरताना शेजारी बसणारे कोणीतरी. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची असावी. माझ्या वडिलांनी माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर सही केली ती कोणत्या रकान्यात करावयाची हे शेजारच्या मास्तरांना विचारून. एडिनबर्गच्या विद्यापीठाने तर विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या प्रचारासाठी २००२ पासून जो सप्ताह चालविला, त्यात मुलींबरोबर त्यांच्या आयांनाही बोलाविण्याचा प्रघात पाडला.

पण फी भरली म्हणजे मुलगा टिकला, असे होत नाही. हे बडोदेकरांनी तरी विसरू नये. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले. शिष्यवृत्ती चोख होती. १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीसाठी याच शहरात परतले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी खानावळीतून हुसकून लावल्यावर ते कमाटीबागेत झाडाखाली बसले. दरबारच्या हुकुमाने पैसा मिळाला होता. शेजार मिळाला नाही.

त्या दृष्टीने रिओ ग्रांदेच्या विद्यापीठातील दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. एक, भाषा. ज्या विद्यापीठात हेल घालविण्याचे तास होते, तेथे आता द्विभाषिक शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था आहे. निरनिराळ्या विषयांचे काही वर्ग स्पॅनिशमधून किंवा दोन्ही भाषांतून चालतात. हे वर्ग भाषा शिकविण्यासाठी नाहीत. भाषा येते असे धरून त्या भाषेत विषय शिकविण्यासाठी आहेत. दवाखान्यात उद्या आजीबाईंचे दुखणे ऐकून घेणाऱ्या परिचारिकेला याचा काय उपयोग, हे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट मारियाची. १९८९ मध्ये दालिया गेर्रा या पियानोवादक प्राध्यापिकेने तेथे 'मारियाची आस्त्लान' हा विद्यार्थ्यांचा ताफा उभा केला. स्वतः पाश्चात्य अभिजात पियानोत मुरलेल्या बाईंनी हे करावे, याचे मला विशेष वाटते. आपल्याकडे ख्यालगायकाने गोंधळाचा वर्ग काढावा तसे हे आहे. घाटीतल्या शाळांत मारियाचीचे वर्ग पसरले. टेक्सासची आंतरशालेय संस्था पूर्वीपासून बँडच्या स्पर्धा घेई. २०१६ पासून तिने राज्य पातळीवर मारियाचीचाही महोत्सव सुरू केला. एडिनबर्ग नॉर्थ हायस्कूलच्या 'मारियाची ओरो' या ताफ्यावर २०२३ मध्ये 'गोइंग वर्सिटी इन मारियाची' नावाचा माहितीपट निघाला. माझ्या शिष्येने सांगितल्यावरून मी तो दोनदा पाहिला. मुले चुकतात, मास्तर वैतागतात, पुन्हा पहिल्यापासून. संगीतशिक्षकाला त्यात नवे काही नाही, आणि म्हणूनच डोळ्यांत पाणी येते.

आता यातला व्यवहार पाहा. शाळेत मारियाची शिकलेला मुलगा विद्यापीठात येतो, संगीतशिक्षणाची पदवी घेतो आणि त्याच घाटीतल्या शाळेत मारियाचीचा मास्तर म्हणून नोकरीस लागू शकतो. शनिवार-रविवारी लग्ने वाजवून हातखर्च निघतो तो वेगळा. कला शिकून पोट भरेल काय, हा प्रश्न माझ्या वर्गात दर जूनमध्ये एक तरी बाप विचारतो. तेथे त्याचे उत्तर शाळेच्या पगारपत्रकात देता येते.

एक आक्षेप मात्र नोंदवावयास हवा, कारण तो माझ्याही मनात आहे. मारियाची ही कानाने शिकावयाची विद्या. बापाकडून मुलाकडे, चुलत्याकडून पुतण्याकडे. विद्यापीठात आली की समोर कागद येतो, स्वरलिपी येते, परीक्षक येतो. सगळे ताफे एकाच मापाने सुबक वाजवू लागतात. गावच्या वादकाने ऐन वेळी उचललेली वाकडी जागा परीक्षेच्या कागदावर बसत नाही, आणि जी बसत नाही ती पुढच्या पिढीस चूक वाटू लागते. हे बडोद्यात घडून गेले आहे. १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा निघाली. त्यांनी स्वरलिपी घडविली. १९१६ मध्ये पं. भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली. त्या दिवसापासून लिपीचा वाद चालू आहे आणि माझ्या हयातीत मिटावयाचा नाही. माझे वडील लिपीला 'सांगाडा' म्हणत. पण तेच वडील मला हाताला धरून स्वरलिपी शिकवणाऱ्या मास्तरांकडे घेऊन गेले होते.

का घेऊन गेले, ते मला टेक्सासकडच्या अलीकडच्या घडामोडी वाचताना उमगले. राज्याच्या २०२३ च्या एका कायद्याने १ जानेवारी २०२४ पासून सार्वजनिक विद्यापीठांतील विविधता आणि समावेशन या नावांची कार्यालये बंद करण्यात आली. कागदपत्रे नसलेल्या पण टेक्सासातच वाढलेल्या मुलांना २००१ च्या कायद्याने स्थानिकांच्या दराने फी भरता येत असे. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने दावा लावला आणि त्याच दिवशी न्यायालयाच्या हुकुमाने ती सवलत गेली. ज्या संस्थेत किमान २५ टक्के विद्यार्थी हिस्पॅनिक, तिला खास अनुदान, अशी तरतूद केंद्राच्या कायद्यात १९९२ पासून होती आणि अशा संस्था वाढत वाढत सहाशेच्या घरात गेल्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने अशा आणि तत्सम संस्थांना स्वतःच्या अखत्यारीत देत असलेली सुमारे ३५ कोटी डॉलरांची अनुदाने थांबविल्याचे जाहीर केले. शेतमजुरांच्या मुलांची ती १९७२ ची योजनाही बंद करण्याची सूचना त्या वर्षीच्या अध्यक्षांच्या अंदाजपत्रकात होती.

परंतु २०२३ च्या त्या कायद्याने वर्गातील अध्यापन, संशोधन आणि विद्यार्थ्यांची मंडळे यांना वगळले आहे. म्हणजे जे कार्यालयाच्या पाटीवर होते ते एका सहीने पुसले गेले, आणि जे वेळापत्रकात 'सोमवार, तिसरा तास, मारियाची' असे लिहिलेले होते त्याला त्या सहीने धक्का लागला नाही. ते कायमचे सुरक्षित झाले असे मात्र कोणी समजू नये. २०२५ च्या आणखी एका कायद्याने टेक्सासातील विद्यापीठांच्या नियामक मंडळांना मूलभूत अभ्यासक्रम तपासण्याचे अधिकार वाढवून दिले आहेत, आणि ती तपासणी कोठवर जाईल हे काळच ठरवील. पण तूर्त दोहोंतील फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

बडोद्यात असेच झाले होते. राजवाड्यावरच्या सनई-चौघड्याला महाराजांचा आश्रय होता. महाराजांचे राज्य गेले तसा तो गेला, आणि वडिलांच्या पिढीतले कित्येक वादक लग्नाच्या सुपाऱ्यांवर जगले. गायनशाळा मात्र टिकली, कारण तिला वर्ग होते, हजेरीपट होता, परीक्षा होती; नव्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाने तिला सामावून घेतले. वडिलांनी हे दोन्ही डोळ्यांदेखत पाहिले. सांगाड्याला नावे ठेवीत त्यांनी मला सांगाड्यापाशी नेऊन बसविले, ते त्यामुळेच असावे. त्या सांगाड्यात सनईला जागा मिळाली नाही, हे दुःख त्यांनी कधी बोलून दाखविले नाही. मी गायन शिकलो. सनई त्यांच्यामागे पेटीत पडून आहे.

आता जे सांगावयाचे आहे ते जरा अवघड आहे. सहा-सात वर्षांपूर्वी माझ्याकडे गोंधळ्यांच्या घरचा एक मुलगा शिकावयास येई. त्याचा आजा आणि बाप दोघेही संबळ वाजवीत, आणि मुलाचा आवाज उघडा, टिपेचा, अंगणात रात्र जागविणारा. मला त्याला परीक्षेस बसवावयाचे होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी त्याला म्हणालो, "हा गोंधळाचा आवाज दाराबाहेर ठेवून येत जा." मला वाटले, मी त्याच्या भल्याचेच सांगतो आहे. तो "हो गुरुजी" म्हणाला. महिनाभर आवाज दाबून गायला आणि मग यावयाचा बंद झाला. मी चौकशीही केली नाही. पॅन अमेरिकनमधील ते उच्चाराचे वर्ग घेणारे शिक्षकही दुष्ट नसावेत, हे आन्साल्दुआबाईंबद्दल वाचताना माझ्या मनात आले, आणि मग पुस्तक मिटून ठेवावे लागले.

मागच्या मार्गशीर्षात एका लग्नघरी तो भेटला. संबळ गळ्यात, कपाळाला मळवट. त्याने वाकून नमस्कार केला. मी विचारले, "शिकणे सोडलेस का रे?" तो म्हणाला, "सोडलं कुठं, गुरुजी? बाबांकडे शिकतोच आहे. तुमच्याकडचं तेवढं जमलं नाही." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

मी त्याला सांगितले, येत्या गुरुवारी वर्गात ये आणि संबळ घेऊन ये. मुलांना सहा मात्रांचा एक हिशेब दाखवावयाचा आहे, माझ्याने तो नीट होत नाही. तो दोन गुरुवार आला नाही. तिसऱ्या गुरुवारी आला. मुलांनी टाळ्या धरल्या, त्याने संबळावर तीन-तीन आणि दोन-दोन-दोन अशी उलटापालट सहज करून दाखविली, आणि वर हसून म्हणाला, "ह्यात काय आहे, गुरुजी? आमच्याकडे हे पोरंसोरं वाजवतात."

परीक्षेचे फॉर्म पुढच्या महिन्यात भरावयाचे आहेत. त्याने बसण्याची तयारी दाखविली आहे. छापील फॉर्मात 'वाद्य' या रकान्यापुढे तबला, पेटी, सतार, व्हायोलिन, बासरी अशी नावे आहेत, संबळ नाही. मी परीक्षा घेणाऱ्या मंडळाला पत्र लिहिले आहे. उत्तराची वाट पाहत आहे.